तळहातावर चोळलेली इंग्लिश बिअर

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार. साकोलीच्या भूपेंद्रने त्या सकाळी एका बाटलीचे पाचशे चाळीस रुपये मोजले. बाटली इंग्लंडातून आलेल्या पेल एल प्रकारच्या बिअरची होती. नागपूरचा विक्रेता संध्याकाळपर्यंत उत्तर मागत होता. बारा पेट्या घेतल्या तर भावात सूट, नाही तर नाही. भूपेंद्रचा हायवेपासून जरा आत बिअर बार आहे. नागझिऱ्याला वाघ बघायला आलेले पाहुणे तिथे थांबतात आणि काही वेगळं आहे का, असं विचारतात. भूपेंद्रला मात्र बिअरमधलं कडक आणि हलकी यापलीकडे काही कळत नाही. म्हणून त्याने कारध्याहून मामाला बोलावून घेतलं.

मामा म्हणजे गोपीचंद, वय एकसष्ट. लाखनीजवळच्या एका राइस मिलमध्ये तीस वर्षं तांदूळ पारखण्यात गेली. पोत्यातून मूठभर तांदूळ काढायचा, तळहातावर चोळायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि हुंगायचा. जुना की नवा, पाणी लागलेला की कोरडा, हे तो एका दमात सांगे. मिलचे मालक राजकुमार शेठ त्याच्या शब्दावर गाडी परत पाठवत.

चार वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं. वास हळूहळू परत आले, पण भरवशाचे नव्हते. एके दिवशी फोडणी कळे, दुसऱ्या दिवशी करपलेलं दूधही कळत नसे. त्याच हंगामात त्याने चाळीस पोती कुबट तांदूळ पास केला. शेठनी त्याला काढलं नाही. गोपीचंदनेच गुडघ्यांचं कारण सांगून काम सोडलं. अलीकडे सगळे वास येत होते, तरी खात्री वाटत नव्हती. घरातले वास ओळखीचे. खरंच आले की आठवले, हे कसं कळणार? आणि आता परत कामावर ये म्हणून शेठचा दोनदा फोन येऊन गेला होता. उद्यापर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं.

ही बिअर त्याने कधी चाखली नव्हती, तिच्यात आठवण्यासारखं काही नव्हतं. तिच्यातलं जे कळेल, ते नाकानेच कळलेलं असेल. एवढ्यासाठी तो निघाला. बायको ताराबाई म्हणाली, "भाच्याच्या कामाले चालले का प्यायले?"

"दोन्ही एकच आहे आज," तो म्हणाला.

दुपारी बार रिकामा होता. भूपेंद्रने बर्फातून बाटली काढली. "सकाळपासून गार करून राहिलो, मामाजी."

गोपीचंदने कोमट पाण्याने चूळ भरली आणि एक घोट घेतला. काहीच नाही. जिभेवर नुसता गारठा, मागे थोडं कडू.

"काय म्हणते?"

"थंडी म्हणते."

भूपेंद्रची बायको रक्षा भाजी निवडत बसली होती. "पाचशे चाळीसची थंडी," ती म्हणाली. "आपल्या इथं फुकट भेटते."

भूपेंद्रने बाटली उजेडात धरली. "गाळ बी आहे तळाशी. खराब माल देऊन गेला तो."

उद्या शेठला नाही म्हणायचं, हे गोपीचंदच्या मनात जवळपास ठरलं. ग्लास खाली ठेवताना त्याची बोटं बधिर झालेली त्याला जाणवली. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या गाडीतला तांदूळ तो कधी थेट हुंगत नसे. आधी मुठीत धरून ऊब द्यायची, ही त्याचीच शिस्त. नव्या माणसांना तो तेच शिकवी. आणि आज तो बर्फातला माल तपासत होता.

"ओट्यावर ठेव," तो म्हणाला. "अर्धा तास हात नाही लावायचा."

"गरम बिअर कोण पिते, मामाजी?"

"मी कुठं प्यायला बसलो?"

रक्षाने चहा विचारला, तो त्याने नंतर घेतो म्हणून थांबवला. अर्ध्या तासाने त्याने चमचाभर बिअर तळहातावर ओतली, दोन्ही हात चोळले, ओंजळीत वाफ सोडली आणि डोळे मिटले.

"अंगाले लावायची नाही ते," भूपेंद्र म्हणाला.

आधी नव्या बारदानाचा वास आला. त्यामागून ताज्या लाह्यांचा. आणि शेवटी, अगदी स्पष्ट, वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा. गोपीचंदने हात पुन्हा चोळले, पुन्हा हुंगले. मग भूपेंद्रच्या कानात हे तिन्ही सांगितले आणि रक्षाला हाक मारली. "पोरी, हा ग्लास हुंग आणि काय येते ते सांग. भूपेंद्र, तू तोंड बंद ठेव."

रक्षाने ग्लास नाकाशी धरला. "लाह्या फोडल्यावानी," ती म्हणाली. मग थांबून, "आणि आजी संत्र्याची सालं वाळवून डब्यात ठेवे ना, तो डबा उघडल्यावानी."

भूपेंद्र मामाकडे बघतच राहिला. गोपीचंदने एक मोठा घोट घेतला आणि सावकाश गिळला.

"माल चांगला आहे. गाळ म्हणजे खमीर बसलं आहे खाली. कुबट असतं तर पहिले तोच वास आला असता. कडू आहे, पण मागून गोड होते."

"मग घेऊ बारा पेट्या?"

"दोन घे. आपल्या इथला माणूस बर्फासारखी गार मागते, आणि गार केली का हिच्यात काही राहत नाही. जो पाहुणा थांबून पिईन, त्यालेच दे."

"दोनवर सूट नाही भेटत."

"नको भेटू दे. पडून राहिलेल्या मालावर सूट घेऊन काय करशीन?"

त्याने उरलेला ग्लास आरामात संपवला, मग चहा घेतला आणि चारची एसटी धरली. कारध्याचं तिकीट एकसष्ट रुपये झालं. त्याने सत्तर दिले. कंडक्टरकडे सुटे नव्हते, म्हणून त्याने तिकिटामागे नऊ लिहून दिले. फोन उद्या करायचा होता. पण लाखनीच्या अलीकडे खिडकीतून मिलच्या भुशाच्या धुराचा वास आत आला आणि गोपीचंद उठून दाराशी गेला, तिथेच उतरला.

शेठ मिलच्या दारातच उभे होते. "गुडघे कसे आहेत, गोपीचंद?"

"गुडघ्याले काही झालं नव्हतं, शेठ. नाक गेलं होतं. ते चाळीस पोते त्याच्यातच गेले. आता आलं आहे."

शेठ म्हणाले, "सोमवारी आठ वाजता ये."

एसटीकडे त्याचे नऊ रुपये अजून बाकी आहेत.