बाहेरून मोजलेली टाकी

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, कारण ते मला अजून पुरतं समजलेलं नाही.

मी तेव्हा सिंगापूरमध्ये पोलीस तपास अधिकारी होतो. बुओना व्हिस्टा भागातल्या एका कॉन्डोतून, म्हणजे खासगी गृहसंकुलातून, खबर आली, की जनरेटरच्या टाकीतलं डिझेल चोरीला गेलं. खबर देणारे रहिवासी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे आयटी मॅनेजर. भरलेली टाकी साफसफाईसाठी उपसली, तेव्हा हिशेबापेक्षा बरंच कमी डिझेल निघालं होतं. हिशेब अध्यक्षांचाच. त्यांनी बाहेरून टेप लावून टाकी मोजली होती आणि लॅपटॉपवर रंगीत आकृती काढली होती.

संशय उपसा करून घेणाऱ्या, कॉन्डोच्या तंत्रज्ञावर. रत्नागिरीचा माणूस, पूर्वी जहाजावर इंजिनिअर. गुन्हा शाबीत झाला तर वर्क पास, म्हणजे तिथे काम करण्याचा परवाना, रद्द, आणि बायकोमुलीसह भारतात परत.

ठाण्यात विचारलं, "टाकीत किती मावतं?"

"माहीत नाही, साहेब."

"रोज तुम्हीच बघता ना?"

"जहाजावर प्रत्येक टाकीचा तक्ता असतो. सळई सोडायची, किती भिजली ते बघायचं, तक्त्यात आकडा मिळतो. इथे तक्ता नाही. मी आकडा सांगणार नाही."

"अहो, अंदाजे तरी?"

"बाहेरून पोट बघून माणूस किती जेवला ते सांगाल का तुम्ही?"

माझा सहकारी तिथल्या बोलीचा 'लाह' जोडत म्हणाला, "सर, लपवतोय लाह."

मग कॉन्डोत राहणाऱ्या इतर इंजिनिअरांना विचारलं. तिघांचे आकडे तीन, आत्मविश्वास सारखाच. मी आणखी गोंधळलो.

शेवटी सांगितलं, माझ्यासमोर मीटर लावून टाकी परत भरा. जेवढं उपसलं होतं, बरोबर तेवढ्यातच ती तोंडापर्यंत भरली.

अध्यक्ष म्हणाले, "मीटर बिघडलाय."

तंत्रज्ञाने झाकणातून तळापर्यंत सळई सोडली, झाकणाशी खूण केली आणि सळई बाहेर काढून टाकीला बाहेरून लावून धरली. खूण वर, झाकणाशी. पण टोक टाकीच्या बुडापासून हातभर वरच राहिलं. गळालेलं तेल अडावं म्हणून टाकीच्या आत दुसरी टाकी बसवलेली होती. चोरी झालीच नव्हती.

तक्रार मागे घेतली गेली, पास वाचला. समितीने ठराव केला: टाकीची खरी क्षमता उजेडात आणल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. तो मी दोनदा वाचला.

नोकरीत खोटं बोलणारे पुष्कळ भेटले. बहुतेकांकडे आकडा तयार असे. सगळं पणाला लागलेलं असताना "माहीत नाही" म्हणून त्यावर ठाम राहिलेला हा एकच.