तंबाखू या शब्दावरची बंदी

"मॅडम, नेट तर चालू हाय. पण डॉक्टर दिसंना झालेत."

लँडलाइनवर मीरा सिस्टर होत्या. धारूरच्या डोंगरातल्या एका आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स आहेत. "स्क्रीनवर लाल पाटी आलीय. धोरणानुसार हे पान बंद आहे म्हणती. इकडं पेशंट माझ्यासमोर तोंड उघडून बसलंय."

मी बीडच्या आमच्या कंट्रोल रूममध्ये होते. आमची कंपनी जिल्ह्यातल्या काही शाळा, ग्रामपंचायती आणि उपकेंद्रांना इंटरनेट पुरवते. मी तिथे नेटवर्क इंजिनिअर आहे. लाइन कुठे तुटली, कुठे स्लो झाली, कुठे काय उघडत नाही, हे बघणं माझं काम. तक्रार आली की तिचं तिकीट बनतं आणि मग ते तिकीट सुटेपर्यंत आपल्या मागे लागतं.

लाल पाटी म्हटल्यावर कारण माझ्या लक्षात आलं. आदल्याच आठवड्यात आम्ही फिल्टर बदलला होता. फिल्टर म्हणजे नेटवरचा चेकनाका. कोणतं पान जाऊ द्यायचं, कोणतं अडवायचं, ते तो ठरवतो. एका शाळेतल्या पोरांनी शाळेच्याच वायफायवरून ई-सिगारेट मागवली होती. पालक चिडले, बातमी झाली, आणि वरून आदेश आला की तंबाखू विकणाऱ्या सगळ्या वेबसाइट बंद करा. आदेश योग्यच होता. मला दोन मुलं आहेत, मलाही तो पटला.

पण एकेक दुकान शोधून बंद करायला वेळ लागतो. फिल्टर विकणाऱ्या कंपनीने वेबसाइटचे गट आधीच पाडून दिलेले असतात. त्यांना कॅटेगरी म्हणतात. जुगार एक कॅटेगरी, तंबाखू एक कॅटेगरी. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर जगताप साहेब म्हणाले, "अख्खी कॅटेगरीच बंद करून टाकू."

"साहेब, त्यात चांगल्या साइटपण अडकतील," मी म्हणाले होते.

"तंबाखूच्या साइटवर चांगलं काय असतंय?"

त्यांनी क्लिक केलं. शाळा, ग्रामपंचायती, उपकेंद्रं, सगळीकडे कॅटेगरी बंद झाली.

आता मी लॉग उघडला. लॉग म्हणजे कोणतं पान का अडवलं याची नोंद. सिस्टर उघडत होत्या ती तंबाखू सोडवणाऱ्या एका संस्थेची साइट होती. पत्त्यातच 'टोबॅको' शब्द होता. विकणारा आणि सोडवणारा, फिल्टरने दोघांनाही एकाच गाडीत कोंबलं होतं. त्या साइटवरूनच पुण्यातले एक दातांचे डॉक्टर व्हिडिओवर पेशंट तपासायचे.

"पेशंट कोण आहे?" मी विचारलं.

"कौसाबाई. ऊसतोडीला जात्यात. ल्हानपणापासून मिश्री लावत्यात." मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची भुकटी, दातांना घासायची. आमच्याकडे बायकांना ती चहासारखी लागते. "गालात आतून पांढरा चट्टा हाय, मॅडम. मला त्याचं लक्षण बरं वाटंना. लई मिनतवाऱ्या करून आणलंय त्यांना. टोळी परवा निघायली."

मागून बाईचा आवाज आला. "सिस्टर, जाऊ का मी? भाकरी थापायच्यात."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. एका पत्त्याला सूट द्यायची होती, त्याला व्हाइटलिस्ट करणं म्हणतात. काम अर्ध्या मिनिटाचं. पण त्या बदलाचा अधिकार फक्त साहेबांच्या लॉगिनला होता.

"साहेब, उपकेंद्राची साइट अडकलीय. कॅन्सरची शंका असलेली बाई बसलीय तिथं."

"मेल टाका. वरून अप्रूव्हल आलं की करू."

"बाई परवा कारखान्यावर जाणार आहे."

साहेबांनी मला समोरची खुर्ची दाखवली. ते काही वाईट माणूस नाहीत. "मॅडम, उद्या कुणी म्हणालं की बंदी असताना यांनी तंबाखूची साइट उघडली, तर नोकरी माझी जाईल. एक कागद येऊ द्या, लगेच उघडतो."

मी मेल टाकला. संध्याकाळी उत्तर आलं, ही संस्था कोणाची आहे ते कळवा. मी कळवलं. मग आलं, आरोग्य विभागाचं पत्र जोडा. आरोग्य विभागात फोन केला तर तिथले बाबू म्हणाले, "बंदी तुम्ही घातली, पत्र आम्ही कावून द्यावं?"

मधल्या दिवसात सिस्टर गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या उपकेंद्रात मोबाईलला रेंज नाही, आणि आमच्या लाइनवर व्हिडिओ कॉलची बाकी ॲप आधीपासूनच बंद होती. त्यांनी कौसाबाईंना स्कूटीवर मागे बसवून खिंडीपर्यंत नेलं. तिथे दोन कांड्या रेंज येते. साधा फोन लागला, व्हिडिओ मात्र लागला की अडकायचा. डॉक्टर म्हणाले, "न बघता मी काही सांगू शकत नाही. यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्या."

कौसाबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं बगितलंच न्हाई, तर दवाखान्यात कावून जाऊ? दुखत तर न्हाई काय. आल्यावर बघू."

टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गाठोडी, शेळ्या आणि कौसाबाई कर्नाटकातल्या कारखान्यावर गेल्या. त्यानंतर पुढच्या आठवड्यात अप्रूव्हल आलं. साहेबांनी मला बोलावून माझ्यासमोरच पत्ता व्हाइटलिस्ट केला. मी सिस्टरांना फोन केला.

"उघडतंय का बघा."

"उघडतंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फोन ठेवला.

तिकीट बंद झालं. रिपोर्टमध्ये 'समस्या सुटली' असं गेलं.

उन्हाळ्यात त्या उपकेंद्राची बॅटरी बदलायला मी टेक्निशियनबरोबर गेले. ओट्यावर एक बाई बसली होती. पदर तोंडावर घट्ट धरलेला. सिस्टर म्हणाल्या, "कौसाबाई, ह्या नेटवाल्या मॅडम."

हंगामात चट्ट्याची जखम झाली होती. सुजलेल्या गालाने त्यांनी मोळ्या उचलल्या. परत आल्यावर संभाजीनगरला ऑपरेशन झालं, जबड्याची एक बाजू काढावी लागली. सर्जनने सिस्टरांना सांगितलं की आधी आल्या असत्या तर चट्टाच तेवढा काढून भागलं असतं.

कौसाबाई पदराआडून काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश.

"त्या दिशी डॉक्टर दिसले असते, तर गेले असते मी. इतक्या लांबचा माणूस बघून सांगतोय म्हणल्यावर गेले असते."

त्या चिडून बोलल्या नाहीत. उलट सिस्टरांनी मला चहा दिला का, ते विचारलं. मी तो चहा कसाबसा संपवला.

ती शाळेतली पोरं आता मोबाईलच्या डेटावर काय मागवतात, ते आमच्या फिल्टरला दिसत नाही.

आता बंदीचा कुठलाही आदेश आला की मी दोनच गोष्टी लेखी विचारते. यात अडकू नये असं काय आहे, आणि अडकलं तर त्याच दिवशी उघडायचा अधिकार कोणाला. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा येतं. दुसऱ्याचं अजून एकदाही आलेलं नाही.