धान्याच्या राखणदाराची आंघोळ

"अगं, वाटोळं केलंस की!" मी ओरडलो. बायको मागच्या पडवीत बसून नारळाच्या काथ्याने बुलुल घासत होती. शेजारी शिकेकाईची वाटी, बादलीतलं पाणी काळंकुट्ट.

बुलुल म्हणजे फिलिपिन्सच्या डोंगरातल्या इफुगाव लोकांचा भाताचा राखणदार. हातभर उंचीचा, उकिडवा बसलेला लाकडी पुरुष. कोठारात नवरा-बायकोची जोडी बसवतात आणि सणासुदीला तिला डुकराचं रक्त, तांदळाची दारू माखतात. पिढ्यानपिढ्यांचं रक्त आणि धूर मुरून लाकडावर काळा थर चढतो. आम्हा संग्राहकांचा सगळा जीव त्या थरात! जहाजाच्या इंजिनरूममध्ये जन्म काढला, पण मनिलाला उतरलो की माझे पाय जुन्या बाजाराकडेच वळायचे. कोरीव पळ्या, चुन्याच्या डब्या, मूर्ती असं करत दिवेआगरच्या घरात कपाट भरलं. वादळात छप्पर उडालं तेव्हा मी आधी या बुलुललाच पोटाशी धरलं. बायको ते अजून ऐकवते.

"अहो, त्याच्या घरचं माणूस न्यायला येतंय. असा मळकट धाडू? देव आपण घासूनपुसूनच मांडतो ना?"

"धाडायचं ठरवलं कुणी?"

तिने खोबरेल तेल लावायला घेतलं.

येणारा माझा जहाजावरचा सोबती, इफुगावच. मागे त्याला मोबाइलवर संग्रहाचे फोटो दाखवत होतो, तर एका फोटोवर त्याने बोट ठेवलं. बुलुलचा डावा गुडघा जळका होता. त्याच्याच घरातला हा बुलुल, काकाने गुपचूप व्यापाऱ्याला विकलेला. मागितला तेव्हा मी नुसतं "बघू" म्हणालो होतो. आता त्याचं जहाज न्हावाशेव्याला लागलं होतं आणि सुट्टी काढून तो माणगावमार्गे येत होता. मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं, की बाबा, तुझाच आहे, पण माझ्याकडे सुखरूप आहे. आता कुठल्या तोंडाने बोलणार?

तो आला. ओटीवर बसला. मी बुलुल त्याच्या हातात दिला. पिवळट पडलेला, तेलाने चकाकणारा. त्याने तो उलटसुलट केला. चेहऱ्यावर काहीच दिसेना.

"काळं कुठे गेलं?" त्याने आमच्या जहाजावरच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

बायकोनेच हाताने घासल्याची खूण केली आणि मोकळी झाली. म्हटलं, आता हा भडकणार.

त्याने जळक्या गुडघ्यावर अंगठा फिरवला. नाकाशी धरून खोबरेलाचा वास घेतला आणि चक्क हसला. "होईल काळा. घरी जेवायला लागला की होईल."

मी चाट पडलो. तरी मेला लोभ सुटेना. विचारलं, "इतकी वर्षं याच्यावाचून चाललंच ना तुमचं?"

तो म्हणाला, "आई अजून दोघांना वाढते. एक वाटी याच्या बायकोपुढे, एक रिकाम्या जागेपुढे."

बायकोला मी सांगितलं तो काय म्हणाला ते. ती उठली, डब्यातले नवे तांदूळ फडक्यात बांधून त्याच्यापुढे ठेवले. मी आतून गोधडी आणली आणि बुलुल गुंडाळायला बसलो. रडूच येत होतं.

तो गेल्यावर कपाट लावायला गेलो, तर आतल्या बाकीच्यांकडे बघवेना. त्यांच्या नावाने कुठे कुठे वाढून ठेवलं असेल, कुणास ठाऊक.