चिंचेपर्यंत तू, चिंचेपासून मी

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि लिहिताना चुका होतात. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर लिहिलं ते वाणसामानाच्या यादीपुरतं. सांभाळून घ्या. माझ्या कामावरची पद्माताई म्हणते, तू वहीत लिही, मी टाइप करून लोकांना वाचायला पाठवते... पण पाठवायचं की वहीतच ठेवायचं, ते अजून माझं ठरलेलं नाही.

दुसरं म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. गल्लीत कुणाला काही दिसलं, कुणाच्या अंगात आलं अशी चर्चा निघाली की मी नळाला पाणी आलंय म्हणून घरात निघून जायची. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण झालं ते झालं, आणि मी एकटीनं पाहिलेलं नाही.

आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. घरी मी, मालक आणि माझी सासू. सासूला आम्ही अत्ती म्हणतो, आमच्या घरात अर्धं कानडी चालतं. घरापासून दोन गल्ल्या सोडून एक संस्था आहे. तिथं जुनी कागदपत्रं जपून ठेवतात. मी तिथं झाडलोट आणि चहाला लागले, पण दोन महिन्यांत माझं काम वाढलं.

त्याचं असं झालं. मैंदर्गीच्या बाजारात पूर्वी एक पत्रलेखक बसायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून द्यायचे. माणूस जसं बोलेल तसंच लिहायचे, त्यात सुधारणा करायची नाही अशी त्यांची रीत होती. आधी वहीत कच्चं लिहायचं, वाचून दाखवायचं, मग पैसे मिळाले की इनलँडवर उतरवून टपालात टाकायचं आणि वहीतल्या पानावर आडवी रेघ मारायची. त्यांच्या मुलानं त्या सगळ्या वह्या ट्रंकेसकट संस्थेला दिल्या. अक्षर म्हणजे घाईचं, मुंग्या चालल्यासारखं. संस्थेच्या मॅडमना लागेना, पद्माताईला लागेना. मला मात्र लागायचं. माझंच अक्षर तसलं, म्हणून असेल. तेव्हापासून ट्रंकेतली वही मीच फडक्यातून सोडायची, मऊ ब्रशनं धूळ झाडायची, आणि पद्माताईच्या शेजारी बसून वाचून दाखवायची. ती टाइप करायची. मला वाचताना अवघडल्यासारखं व्हायचं, आवाज फुटायचा नाही.

"मोठ्यानं वाच की गं गौरा," ती म्हणायची. "कॉम्प्युटरला कान न्हाईत, पण मला हायत."

पद्माताई माझ्याच वयाची, विणकरांच्या घरची, घरी तेलुगू बोलणारी. दोन पोरांना शाळेत सोडून यायची. तिनं मला कामाची पद्धत समजावून सांगितली होती. प्रत्येक पत्राच्या आधी आणि नंतर खुणा टाइप करायच्या. ही सांगणारी, हे गाव, हा मजकूर, ही फी. त्याला एक्सएमएल म्हणतात. मग कॉम्प्युटर सगळ्या पत्रांतल्या शब्दांची एक यादी करून ठेवतो, कुठला शब्द कुठल्या वहीत, कुठल्या पानावर. पुढं कुणाला शोधायचं असलं तर ते यादीत बघायचं. एक शब्द टाकला तर ढीगभर पत्रं येतात. सलग चार शब्द टाकले की कमी येतात. आणि अशी दोन-तीन वाक्यं टाकली तर तो विचारतो, यातलं कुठलंही एक चालेल, की सगळी एकाच पत्रात पाहिजेत?

आता अत्तींचं सांगते.

अत्तींना गेल्या वर्षापासून काही आठवेना. मालकांना त्या दीर समजायच्या, मला कधी शेजारीण, कधी मास्तरीण. त्याचं एवढं नाही. पण उन्हाळा लागला आणि त्यांनी पायात चप्पल घालायचं सोडलं. घराबाहेर पडायच्या त्या अनवाणीच. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, भर दुपारी डांबरी रस्त्यावर कुत्रं उभं राहत नाही. आणि अत्तींना साखर. तळव्याला फोड आले, एक चिघळला. डॉक्टर म्हणाले, परत जखम झाली तर बोट काढावं लागेल, मग पाय.

मी चप्पल पुढं केली की पाय मागं घ्यायच्या.

"ब्याडा, नको. माझी पाळी न्हाय."

"मग कुणाची पाळी, अत्ती?"

"अक्काची." आणि दाराकडं बघायच्या. "अक्का बंद्लेनु?" म्हणजे अक्का आली का.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. अत्तींचं माहेर मैंदर्गीकडचं, तिला तिकडंच दिलेली. माझं लग्न व्हायच्या आधीच ती वारली, मी तिला पाहिलेलंही नाही. मालकांना विचारलं, ही पाळी कसली? ते म्हणाले, मला काय माहीत, आई लहानपणाचं कधी बोललीच नाही. दार लावून ठेवलं तर अत्ती दार वाजवायच्या, रडायच्या. आणि दिवसभर तीन गोष्टी म्हणत राहायच्या. कधी एक, कधी दुसरी. चिंचेपर्यंत तू. अंगठा तुटला. बापूला सांगू नको.

त्यांच्या पायाचे अंगठे मी दहादा तपासले. धड होते.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी डब्याला हात लावला नाही. सकाळीच अत्तींच्या पट्टीतून रक्त आलं होतं. पद्माताईनं विचारलं, आणि मी, जी कुणाला काही सांगत नाही, तिनं तिला सगळं सांगितलं. ती तीन वाक्यंही सांगितली.

"आपल्या वह्या मैंदर्गीच्याच की," ती म्हणाली. "त्या भागात असलं काही म्हणत असतील. गाणं असंल, खेळ असंल. बघू तरी."

मला नको वाटत होतं. संस्थेचा कॉम्प्युटर, आपलं घरचं काम. पण तिनं तोवर टाकलंसुद्धा. आधी कुठलंही एक चालेल असं टाकलं. भराभर पत्रं आली, पडदा भरून गेला. सगळ्यात जास्त "बापूला सांगू नको". किती लेकरांनी किती गोष्टी बापापासून लपवल्या होत्या! पद्माताई हसायला लागली. "आमच्या घरी पण हेच चालतंय बघ."

मग तिनं बदललं. तिन्ही वाक्यं एकाच पत्रात पाहिजेत.

एकच ओळ आली. वही एकतीस, पान चौदा. खाली मजकुराचे तीन तुकडे, आणि आमची तिन्ही वाक्यं पिवळ्या रंगात. मी वाचलं. पद्माताईनंही वाचलं, मोठ्यानं. तिनं त्या ओळीवर दाबलं तर पांढरं पान उघडलं, त्यात काहीच नव्हतं. "सेव्ह झालं नसंल," ती म्हणाली. "मूळ वहीच बघ." मी आकडा चहाच्या पुड्यावर लिहून घेतला आणि कपाटापाशी गेले.

कपाटात टाइप झालेल्या वह्या होत्या. त्या सव्वीसपर्यंतच.

मी तिथंच उभी राहिले. कारण हे मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त माहीत होतं. माझ्या ब्रशखालून गेल्याशिवाय एकही वही पद्माताईपर्यंत जात नाही. सत्ताविसावी आदल्या दिवशीच मी टेबलावर काढली होती, अजून झाडायची होती. एकतिसावी ट्रंकेत, तळाशी, पत्रलेखकांनी स्वतः बांधलेल्या फडक्यात. ती गाठ ते वेगळीच मारायचे, सोडायला मला दरवेळी सुई लागायची.

पद्माताईला हाक मारली. तिच्यादेखत ट्रंक उघडली. फडक्यावर धुळीचा थर, बोट ठेवलं की उमटेल असा. गाठ तशीच. वर आकडा, एकतीस. मी सुईनं गाठ सोडली. घाईत दोनदा सुई टोचली. चौदावं पान काढलं आणि मी वाचायला लागले. त्या दिवशी पद्माताईला मोठ्यानं वाच म्हणावं लागलं नाही.

ते पत्र मी तेव्हाच मॅडमना विचारून माझ्या हातानं उतरवून घेतलं. ते असं आहे.

"धाकटीला सांगा, मी खुशाल हाय. परवा रस्त्यावाल्यांनी चिंच पाडली, तवा तुझी लई आठवण आली. दोघींत एकच चप्पल. चिंचेपर्यंत तू, चिंचेपासून मी, आसं ठरलेलं. आता चिंचच न्हाय तर पाळी कशी मोजायची? वढ्यात उडी मारून चपलेचा अंगठा तुटला तवा तू रडत म्हणलीस, बापूला सांगू नको. मी सांगितलं न्हाय. मीच तोडला म्हणलं. मार खाल्ला, पर लागला न्हाय गं, बापूचा हात हलका हुता. तू ते मनात धरून बसली आसशील तर सोड. आता पाळी न्हाय. चप्पल तुझीच. ती घालून एकदा ये. माझं पाय आता चालत न्हाईत, न्हायतर मीच आली आसती."

खाली अत्तींचं नाव, आमच्या मालकांच्या वडिलांचं नाव, शुक्रवार पेठ, सोलापूर.

पानावर आडवी रेघ नव्हती. कोपऱ्यात लिहिलं होतं, दीड रुपया बाकी, पुढच्या बाजारी. म्हणजे पत्र गेलंच नव्हतं. पुढच्या बाजारी अक्का का आल्या नाहीत, ते सांगायला आता कुणी नाही. त्या वारल्या त्या उन्हाळ्यातच, असं मालक नंतर म्हणाले.

पद्माताईनं परत तीच तीन वाक्यं टाकली. काहीही आलं नाही. शून्य. अक्षर न अक्षर तपासून तिनं पुन्हा टाकलं. शून्यच.

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मागितली.

अत्ती उंबऱ्यावर बसल्या होत्या, पट्टीचा पाय पसरून. मी खाली त्यांच्या पायाशी बसले आणि उतरवून आणलेलं पत्र वाचलं. आधी त्यांचं लक्ष नव्हतं, रस्त्यावरच्या शेळीकडं बघत होत्या. "दोघींत एकच चप्पल" आलं आणि त्यांची मान वळली. मी पुढं वाचत गेले. "बापूचा हात हलका हुता" इथं आले आणि त्या एकदम बोलल्या, पूर्वीच्या अत्तींच्या आवाजात.

"हलका कुठला! तीन दिवस बसता येत नव्हतं तिला. खोटारडी!"

आणि हसल्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसतायत. मग म्हणाल्या, "परत वाच. शेवटचं."

"आता पाळी न्हाय. चप्पल तुझीच."

त्यांनी पाय पुढं केला. मी पट्टीला लागू न देता चप्पल चढवली. त्यांनी दुसरा पाय पुढं केला.

तेव्हापासून चप्पल सोडली नाही. झोपताना मला काढून घ्यावी लागते. जखम भरली, बोट वाचलं. विसरणं तसंच आहे, मी अजून मास्तरीणच आहे. पण "अक्का आली का" असं त्या विचारत नाहीत.

मॅडमनी नंतर पुष्कळ विचार केला. म्हणाल्या, आधी कुणी नमुना म्हणून ते पान टाइप केलं असेल. पद्माताईनं सगळ्या फायली तपासल्या, सव्वीसच्या पुढची एकही नव्हती. आणि टाइप केलं म्हणावं, तर गाठ कुणी सोडली? मालक म्हणाले, तू घाईत चुकीचं वाचलं असशील. असेल. मी चौथी शिकलेली, माझं चुकेल. पण पद्माताईचं कसं चुकेल? आणि चुकीचा आकडा बरोबर पानावर कसा नेईल? मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ही यंत्रं कळत असतील तर सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. आणि नाही सांगता आलं तरी चालेल.

एवढंच राहिलं होतं, ते दीड रुपयाचं. मी ते अत्तींना सहज बोलून गेले. त्या उठल्या आणि आपल्या बटव्यातून दोन जुनी नाणी काढली. एक रुपया आणि एक आठ आणे. आठ आणे हल्ली कुणी घेत नाही, म्हणून तसेच पडून होते.

"अक्काचं मी देते," म्हणाल्या.

पत्रलेखकांचा मुलगा जुळे सोलापूरला राहतो, आता तोही म्हातारा आहे. मी रिक्षानं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नाणी हातात धरली.

"दीड रुपया द्यायला रिक्षाला किती घातले, ताई?"

मी मान खाली घातली. त्यांनी नाणी परत माझ्यापुढं केली.

"राहू द्या, एवढं काय त्यात."

"घ्या की," मी म्हणाले. "पत्र पोचलंय."

त्यांनी नाणी खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी संस्थेत आले आणि मॅडमना विचारून वही एकतीस मागून घेतली. चौदाव्या पानावर शिसपेन्सिलीनं, वडील मारायचे तशी, एक आडवी रेघ मारली. मग मी ते पत्र वाचलं आणि पद्माताईनं टाइप केलं. फीच्या खुणेपाशी ती थांबली, माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "दीड रुपया. पूर्ण मिळाला."