खांद्यावरच्या दोन थापा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांस मी आयुष्यभर एकच प्रश्न केला — साक्षीदार कोण? निजामी अमलात अंबडच्या तहसिलीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या माणसास पुराव्यावाचून काही पटत नसते. परंतु या प्रकरणी साक्षीदार मी स्वतःच आहे...

जालन्यास एक कंपनी गाण्याच्या रेकॉर्डी करण्यासाठी मशीन घेऊन येणार होती. आमच्या गावच्या गायिका कौसाबाईस बोलावणे आले. माझ्या माडीवर तालमी सुरू झाल्या. पेटीवर मी, सारंगी-तबल्यास दोघे भाऊ, आणि बाईच्या पाठीशी तिचे वृद्ध उस्ताद. गायची चीज, म्हणजे बंदिश, त्यांनीच बांधलेली. उस्ताद आणि बाई यांखेरीज ती कोणासही येत नव्हती.

अडचण एकच — तबकडी तीन मिनिटांत भरते, आणि बाई रंगली की थांबत नाही! म्हणून वेळ संपत आली की उस्ताद तिच्या खांद्यावर थाप मारीत. मी नियम घालून दिला : थाप एकच.

"एका थापेनं ऐकती का ही, मुन्शीजी?" उस्ताद हसत, आणि दोनच मारीत. "हिला बराबर दोन लागत्यात."

"मंग गाऊन बी तुम्हीच घ्या, उस्ताद!" ती हसून म्हणे.

रेकॉर्डिंग तोंडावर आले आणि उस्ताद वारले. कौसाबाई एवढेच म्हणाली, "आता ही चीज माझ्या एकटीपाशी राह्यली, भाऊसाहेब. हिला जपा."

थापेची जबाबदारी मी घेतली — भात्यावरचा डावा हात क्षणभर सोडायचा. तेवढा वारा पेटीत टिकतो.

जालन्यात एका गोदामाच्या भिंतींना रजया लावून आम्हांस बसविले. भर दुपार. पहिल्या खेपेस सारंगीची तार तुटली, मेणाची तबकडी वाया गेली. कंपनीचा माणूस म्हणाला, "आता एकच तबकडी शिल्लक आहे. लाल दिवा लागला की आवरते घ्या."

दिवा लागला. मी तो पाहिला... आणि माझा हात भात्यावरून उचलेचना! बाईचे डोळे मिटलेले, तान चढतच चाललेली. गेली चीज, असे वाटले — तोच तिने तान आवरली आणि नेमकी समेवर येऊन थांबली.

बाहेर येताच ती माझ्यावर उखडली. "दोन कशाला मारल्या, भाऊसाहेब? एकच ठरली होती ना?"

"मी मारलीच नाही, बाई."

तिने माझ्या हातांकडे पाहिले. गाताना तिच्या पाठीशी रजई लावलेली भिंत होती. दुसरे कोणी नव्हते.

याचा खुलासा मला आजतागायत झालेला नाही. तबकडी माझ्यापाशी आहे. शेवटच्या तानेत, थांबण्याच्या किंचित आधी, बाई हसल्यासारखी ऐकू येते... तालमीत उस्तादांच्या दुसऱ्या थापेस हसे, तशीच.