जिथं दुखत नाही तिथं

शेवंताकाकूंच्या बेंबीशेजारी लिंबाएवढी गाठ हाताला लागली आणि माझा पारा वॉर्डाचं छत फोडून वर गेला.

"काकू, इन्सुलिन रोज इथंच टोचता?"

"हो सिस्टर. तिथं दुखतच नाही ना!"

एकाच जागी टोचून टोचून झालेल्या अशा गाठीत औषध नीट मुरणार कसं? साखर उतरेना, म्हणून डोळ्याचं ऑपरेशन अडलेलं. मी मात्र डोस लिहून लिहून वह्यांचा डोंगर रचला. पोटाला हात आज पहिल्यांदा लावला. वहीही कुणाला टोचत नाही. आपण सगळेच बधिर जागा शोधून तिथं मुक्काम ठोकतो.

नव्या जागी औषध पुरतं मुरेल, म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केला, मी मांडीवर नवी जागा दाखवली. सुई लागताच काकू गरजल्या, "मेले! डोळा राहू दे गं, माझी जुनी जागा दे!"