जावयाच्या दाण्यातली गोळी

जुने सोफे दुरुस्त करून देणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे सोफावालेच म्हणत. खाली दुकान, वर घर आणि गच्चीत कबुतरांची ढाबळ. दिवसभर फाटक्या सोफ्यांच्या पोटातून गंजक्या स्प्रिंगा उपसायच्या आणि संध्याकाळी गच्चीत आकाशाकडे डोळे लावून बसायचं, असा त्यांचा क्रम. डोळे लावूनच बसावं लागे, कारण त्यांची कबुतरं वेळेवर कधी यायचीच नाहीत. शर्यतीला लांबच्या गावाहून सगळ्यांची कबुतरं एकदम सोडत. इतरांची घरी पोचून, दाणे टिपून, झोप काढून उठायची, तेव्हा कुठे सोफावाल्यांचं एखादं डुलत डुलत उतरायचं. एकदा तर त्यांनी हरवलेल्या कबुतराचं दुःख आवरून त्याच्या जागी दुसरं आणलं, आणि मग पहिलं आलं.

त्यांतल्या सर्वांत सुस्त नराचं नाव जावई. ते सासूबाईंनी ठेवलेलं. सासूबाई लेकीकडेच राहायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना गच्चीचा जिना चढवत नसे, पण हा नर रोज त्यांच्या खिडकीत येऊन बसे.

"काम ना धाम, खायच्या वेळेला मात्र हजर," त्या म्हणाल्या. "जावईच म्हणायचं याला."

सोफावाल्यांनी ते नाव निमूटपणे स्वीकारलं. सासरचा आहेर परत करता येत नाही.

आणि त्या वर्षी याच जावयाने लागोपाठ दोन शर्यती जिंकल्या.

दुसऱ्या शर्यतीनंतर कबुतर मंडळाचा तपासनीस घरी आला. पक्ष्याला उत्तेजक औषध दिलंय का, हे त्याच्या विष्ठेवरून कळतं, आणि ती काही मागून मिळत नाही. तपासनीस पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसला. जावई त्याच्याकडे बघत बसला. सोफावाल्यांनी आदराने तपासनिसाच्या पाठीला उशी दिली, मग मानेला दिली. त्या सुखाने तो पेंगला, आणि जावयाने नेमकी तीच वेळ साधली. डोळ्यांदेखत झालेलं नाही म्हणून तो नमुना बाद ठरला. पुन्हा सगळे बसले, या खेपेला उशीशिवाय.

अहवाल आला. नमुन्यात स्टिरॉइड सापडलं होतं.

सोफावाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पण दुसऱ्या दिवसापासून भलतंच सुरू झालं. एरवी ओळखही न दाखवणारे बडे कबुतरवाले दुकानाची पायरी चढायला लागले. गेल्या वर्षीचा विजेता बेकरीवाला एक उशी दुरुस्तीला घेऊन आला. उशी धडधाकट होती.

"काय देता हो त्याला?" त्याने हळूच विचारलं.

"दाणे देतो. आणि जीव लावतो."

"ते झालंच. पण किती? दिवसातून दोनदा?"

"खरंच मला काही ठाऊक नाही," सोफावाले म्हणाले, तेव्हा बेकरीवाल्याच्या नजरेतला आदर आणखी वाढला. आजवर त्यांना सगळ्यांनी भोळे समजलं होतं. आता कुणीतरी पक्के लबाड समजत होतं, आणि ते त्यांना गोड लागायला लागलं.

"लोक चोर म्हणताहेत, आणि तुम्ही आरशासमोर भांग काय पाडताय?" बायको म्हणाली.

सुनावणीला सासूबाई हट्टाने गाडी करून आल्या. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी तोंड उघडण्याआधीच सासूबाईंनी सांगून टाकलं, "माझी गुडघ्याची गोळी मी रोज कुटून जावयाच्या दाण्यात घालत होते."

अध्यक्षांनी सोफावाल्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शेंगदाण्यात का? तुम्ही शेंगदाणे खाता?"

"खातो," सोफावाले चाचरत म्हणाले. अलीकडे आपल्यालाही जरा हुशारी वाटत होती, हे त्यांना आठवलं.

"हे नाहीत हो. दुसरा जावई."

"आजी, तुम्हाला एकूण जावई किती?" चिटणिसांनी विचारलं.

"माणसातला एकच."

हा गुंता सुटेपर्यंत सगळ्यांचा चहा गार झाला.

"पण का, आई?" सोफावाल्यांनी विचारलं.

"कडू जहर आहे ती गोळी. टाकली तर लेक रागावते. त्याला चालत होती. पहिला नंबर आला तेव्हा तुम्हीही दोन घास जास्त जेवलात. मग कशाला बंद करायची?"

जावयावर वर्षभराची बंदी आली. घोटाळा नको म्हणून निकालात 'जावई, पक्षी' असं मुद्दाम लिहिलं. बेकरीवाला येऊन आपली उशी परत घेऊन गेला. "सासूची गोळी? एवढंच?" तो फसवला गेल्यासारखा म्हणाला. दारातून मागे वळून त्याने तेवढं सासूबाईंच्या डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं.

त्यानंतर लेक रोज समोर उभी राहून आईला गोळी गिळायला लावायची. महिनाभरात सासूबाईंचे गुडघे मोकळे झाले आणि एका संध्याकाळी त्या आयुष्यात पहिल्यांदा त्या गच्चीत आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी ढाबळीचा कोपरा न् कोपरा पाहिला.

"पाण्याचं भांडं कधी घासलं होतं?"

"परवा, आई."

"कुठल्या महिन्यातलं परवा?"

सोफावाले भांडं उचलून नळाकडे गेले.